वर्गणीची पावती आणि वस्तीचा नळ

(एका वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

महाराष्ट्रात 'वर्गणी' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. गणेशोत्सवाची वर्गणी, जत्रेची वर्गणी, मंदिराच्या जीर्णोद्धाराची, वाचनालयाची, व्यायामशाळेची वर्गणी. वर्गणी देणारा मनुष्य मांडवात उभा असतो तेव्हा तो पाहुणा नसतो. व्यवस्था चुकली तर तो बोलतो, हिशेब लागला नाही तर तो विचारतो. पावती अकरा रुपयांची असो वा अकरा हजारांची, प्रश्न विचारण्याचा अधिकार तिच्यासोबत येतो. हाच अधिकार शहरातील गरीब वस्तीच्या नळापर्यंत आणि शौचालयाच्या दारापर्यंत कसा पोहोचवावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय रुक्ष वाटण्याजोगा आहे. गटार, मलकुंड, नळजोडणी, मासिक पास ही व्याख्यानाची भाषा नव्हे, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या महाराष्ट्रात गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन कीर्तन केले आणि ज्या महाराष्ट्रात १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याच्या ओंजळीतून मनुष्यत्वाचा प्रश्न उभा राहिला, तेथे पाणी आणि स्वच्छता हे विषय कधीच केवळ अभियंत्यांचे नव्हते.

फुकटेपणाचा समज

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे साडेसहा कोटी माणसे झोपडवस्त्यांत राहत होती. त्यांपैकी १ कोटी १८ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील. या वस्त्यांतील १०० घरांपैकी सुमारे ५७ घरांतच पिण्याचे पाणी आवारात येत होते. ६६ घरांत स्वतःचे शौचालय होते, १५ घरे सार्वजनिक शौचालयावर विसंबून होती आणि १९ घरांतील माणसांना उघड्यावर जावे लागत होते. त्यानंतर २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि घरगुती शौचालयांसाठी सरकारी अनुदान मिळू लागले. चित्र निश्चितपणे पालटले. तरीही दाट वस्तीत, जेथे दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि खोलीजवळ जोडण्यास मलवाहिनीच नसते, तेथे केवळ अनुदानाने काम भागत नाही. सामुदायिक शौचालयाची गरज तेथे उरतेच, आणि ते शौचालय चालवायचे कोणी, हा प्रश्नही उरतो.

या प्रश्नाकडे पाहताना सुशिक्षित मध्यमवर्गाच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो: झोपडपट्टीला सर्व काही फुकट हवे असते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. इमारतीतील कुटुंबाला महापालिकेचे पाणी हजार लिटरला काही रुपये या दराने मिळते आणि त्या दरात महापालिका स्वतःची तूट सोसत असते. ज्या वस्तीला अधिकृत जोडणी नाही, ती पाणी विकत घेते. टँकरवाल्याकडून, पिंपाने, हंड्याने, दुसऱ्याच्या नळीतून. तेथे लिटरमागे पडणारा दर इमारतीतील दराच्या कित्येक पट असतो. त्यात रांगेत गेलेले तास आणि बुडालेली मजुरी मिळवली, तर शहरातील सर्वांत महाग पाणी शहरातील सर्वांत गरीब माणूस पितो, असे म्हणण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

शौचालयाचे गणितही असेच आहे. दोन हजार सालाच्या सुमारास 'पैसे द्या आणि वापरा' पद्धतीच्या शौचालयात एका वेळेस एक रुपया द्यावा लागे. पाच माणसांच्या कुटुंबाने प्रत्येकी दिवसातून एकदाच वापर केला, तरी महिन्याला १५० रुपये झाले. मोलकरणीच्या वा हमालाच्या घरात ही रक्कम लहान नव्हती. म्हणून मुले नाल्याकाठी बसत आणि स्त्रिया अंधार पडण्याची वाट पाहत.

तेव्हा गरीब माणूस पैसे देतो, आज नव्हे, पूर्वीपासून देतो. परंतु तो देतो त्या पैशाची पावती त्याला मिळत नाही. टँकरवाल्याला दिलेल्या पैशातून नळ येत नाही. रुपया टाकून शौचालय वापरणाऱ्याला तेथील घाणीविषयी विचारण्याचा हक्क येत नाही. त्याचा पैसा खर्च होतो, पण त्याची वर्गणी होत नाही. खरा प्रश्न येथे आहे.

अहमदाबादचा धडा

हा पैसा वर्गणीत कसा बदलता येतो, याचे एक ठळक उदाहरण १९९५ साली अहमदाबादेत घडले. महापालिकेने तेथे 'परिवर्तन' नावाची योजना हाती घेतली. या कल्पनेमागे अभियंता हिमांशू पारीख होते. त्यांनी याआधी इंदूरमध्ये असेच काम केले होते आणि त्यासाठी त्यांना १९९८ मध्ये आगाखान वास्तुशिल्प पुरस्कारही लाभला. त्यांचे सूत्र सोपे होते. वस्त्या बहुधा नाल्याकाठी, उताराच्या जागी असतात, आणि शहराचे पाणीही उतारानेच वाहते. तेव्हा वस्तीला शहरापासून तोडून तिची डागडुजी करण्याऐवजी तिच्यातून वाहिन्या नेऊन ती शहराला जोडावी.

इंदूरमध्ये काम परदेशी मदतीतून झाले. तेथे रहिवाशांकडून वाटा घेण्याची सक्त अट नव्हती. वाहिन्या पडल्या, परंतु अनेक घरे त्यांना जोडली गेली नाहीत आणि देखभालीअभावी अनेक ठिकाणी गटारे तुंबली. अहमदाबादने यातून धडा घेतला. संजयनगर या १८१ कुटुंबांच्या वस्तीपासून तेथे आरंभ झाला. घराघरांत नळ, स्वतंत्र शौचालय, भुयारी गटार, फरसबंद गल्ली आणि दिवे एवढे सारे करावयाचे होते. वस्तीतील या कामाचा खर्च कुटुंबामागे सुमारे ६००० रुपये धरण्यात आला आणि त्याचे तीन समान भाग झाले: २००० महापालिकेचे, २००० उद्योगाचे, म्हणजे संजयनगरपुरते अरविंद मिल्सचे, आणि २००० कुटुंबाचे. पुढील देखभालीसाठी आणखी १०० रुपये कुटुंबाकडूनच घेतले गेले. शहराच्या मुख्य वाहिन्यांशी जोडण्याचा भार महापालिकेने वेगळा सोसला.

त्या काळी रोजंदारीवरील घराला २००० रुपये एकदम काढणे कठीण होते. येथे 'सेवा' बँकेने हात दिला. ही बँक काही परदेशी संस्था नव्हे. १९७४ साली अहमदाबादच्या चार हजार कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून, इला भट्ट यांच्या पुढाकाराने उभारलेली ती नागरी सहकारी बँक आहे. भाजी विकणाऱ्या, गोधडी शिवणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या बायका तिच्या भागधारक आहेत. परिवर्तन योजनेत स्त्रियांनी या बँकेत खाती उघडली, थोडे थोडे साठवले आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेने कर्ज दिले. 'सेवा'च्याच महिला हाउसिंग ट्रस्टच्या कार्यकर्त्यांनी वस्तीत बैठका घेऊन मंडळ उभे केले आणि वर्गणीचा हिशेब लोकांच्या समोर ठेवला.

तरीही लोक पैसे भरण्यास प्रथम तयार नव्हते, आणि त्यांचे कारण रास्त होते. उद्या बुलडोझर येणार असेल, तर आज नळावर पैसे कोण घालील? महापालिकेने तेव्हा योजनेतील वस्त्यांना दहा वर्षे न हलविण्याची हमी दिली. ही मालकी नव्हती, जमिनीचा कागदही नव्हता, तरी तेवढ्या शब्दावर माणसांनी डबे उघडले. घरापर्यंतच्या सोयी आल्या, तशी लोकांनी स्वतःच्या घरावरही गाठची रक्कम घातली. कोठे पत्रा जाऊन पक्के छप्पर आले, कोठे जमिनीवर फरशी आली.

प्रयोग सर्वांगी निर्दोष होता, असे मुळीच नाही. कामात विलंब झाला, संजयनगरनंतर उद्योगाचा सहभाग ओसरला आणि पुढील वस्त्यांत त्याची बाजू महापालिकेलाच सावरावी लागली. हे सांगणे आवश्यक आहे, कारण तीन खांबांवर उभ्या केलेल्या मांडवाचा एक खांब निघाला तरी मांडव पडला नाही. रहिवासी आणि महापालिका हे दोन खांब टिकले म्हणून योजना पुढच्या दशकात वस्तीमागून वस्तीत जात राहिली.

पुणे आणि मुंबई

अहमदाबादेत घरोघरी शौचालयाला जागा काढता आली. पुण्या-मुंबईच्या दाट वस्त्यांत ती नव्हती, म्हणून येथे सामुदायिक शौचालयांचा मार्ग चोखाळला गेला.

पुण्याचे उदाहरण मोठे बोलके आहे. १९९२ ते १९९९ या सात वर्षांत महापालिकेने केवळ २२ शौचालये बांधली होती. १९९९ मध्ये तत्कालीन आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी स्वयंसेवी संस्थांना जाहीर आवाहन केले. भांडवली खर्च महापालिकेचा, जमीन, पाणी आणि वीज महापालिकेची. आराखडा, बांधकाम आणि पुढील देखभाल संस्थेची व वस्तीची. दोन वर्षांत ४०० हून अधिक शौचालये उभी राहिली. त्यांतील ११४ 'स्पार्क', राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि 'महिला मिलन' यांच्या युतीने बांधली. महिला मिलन म्हणजे मुंबईत भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या, रोज रुपया-दोन रुपये साठवणाऱ्या स्त्रियांनी १९८६ मध्ये सुरू केलेली संघटना. पुण्यातही वस्तीतील बायकाच काही ठिकाणी ठेकेदार झाल्या. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधकामावर घमेली वाहिली, त्यांनी मुकादमाला हिशेब विचारला.

या शौचालयांच्या आराखड्यातही वापरणाऱ्यांचा शहाणपणा उतरला. स्त्रियांची व पुरुषांची रांग स्वतंत्र झाली. लहान मुलांसाठी वेगळी, उघडी, बसकी शौचकूपे आली, कारण मोठ्यांच्या रांगेत मुलाला कोणी पुढे सोडत नसे आणि अंधाऱ्या खोलीत त्याला भीती वाटे. वर राखणदाराच्या कुटुंबासाठी खोली झाली. कुटुंबाचा पास महिना २० रुपये.

या वीस रुपयांचे गणित क्षणभर पाहावे. वीस शौचकूपांचे एक शौचालय घेऊ. एका शौचकूपामागे पन्नास माणसे धरली, तर हजार माणसे, म्हणजे पाचाच्या कुटुंबाप्रमाणे २०० घरे. सर्वांनी पास घेतला तर महिन्याला ४००० रुपये जमतात. त्या काळी तेवढ्यात राखणदाराचा पगार आणि फिनेल, झाडू, किरकोळ दुरुस्ती भागत असे. परंतु तिसरा हिस्सा घरांनी पास घेणे थांबविले, तर हातात अडीच हजारांच्या थोडे वर उरतात आणि राखणदाराचा पगार तेवढाच राहतो. मग प्रथम फिनेल बंद होते, नंतर दिवा, नंतर राखणदार. घाण वाढते, म्हणून आणखी घरे पास सोडतात. सार्वजनिक शौचालयाचा मृत्यू बहुधा असा, महिन्यामहिन्याने होतो. तो विटा-सिमेंटच्या कमतरतेने होत नाही. म्हणून दर महिन्याला दारोदार जाऊन वीस रुपये गोळा करणारी बाई ही या सर्व व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती होय. तिचे नाव कोनशिलेवर कधी येत नाही.

मुंबईत महापालिकेने याच सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातील मलनिस्सारण प्रकल्पाचा भाग म्हणून झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम राबविला. २००५ पर्यंत त्यातून ३०० हून अधिक सामुदायिक शौचालये झाली. येथे आधी वस्तीने संस्था नोंदवायची, प्रौढामागे १०० रुपये आणि कुटुंबामागे अधिकाधिक ५०० रुपये भरायचे, मगच बांधकाम. आमदार-खासदार निधीतून उभ्या राहिलेल्या जुन्या शौचालयांची दारे मोडली, टाक्या फुटल्या, तरी त्यांना वाली नव्हता. तेथे वापरणारे हजार आणि धनी कोणी नाही. नव्या शौचालयांत निदान कोणाला जाब विचारायचा, हे ठरलेले होते.

उसनवारीचा पूल

या कामात एक अडचण अशी आहे, जिची चर्चा क्वचितच होते. महापालिका पैसे देते, पण काम झाल्यावर, बिल तपासल्यावर, सह्या झाल्यावर. मुरलेला ठेकेदार तोवर स्वतःचे भांडवल घालतो. वस्तीतील स्त्रियांच्या गटाजवळ ते नसते. अनामत रक्कम भरा, सिमेंट आणा, गवंड्याची आठवड्याची मजुरी द्या आणि बिलाची सहा महिने वाट पाहा, हे त्यांना शक्य नसते. पैसा मंजूर असूनही काम अडते, कारण पैसा आणि गरज यांच्यामध्ये काळाची दरी असते. कर्ज हवे असते ते एवढ्यापुरते, दरीवरच्या पुलापुरते.

पुण्या-मुंबईतील या कामांसाठी हा पूल अखेरीस कोणी बांधला? २००२ मध्ये 'क्लिफ' या नावाचा एक निधी उभा राहिला आणि त्यामागे ब्रिटन व स्वीडन या देशांच्या सरकारांचा पैसा होता. मदत देणाऱ्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु ज्या महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात नागरी सहकारी बँका आहेत, ज्यांच्या संचालक मंडळांवर समाजातील नामवंत बसतात, तेथे वस्तीतील शौचालयासाठी सहा महिन्यांचे कर्ज साता समुद्रांपलीकडून यावे, ही गोष्ट मनाला लागण्याजोगी नाही काय? अहमदाबादच्या भाजीवाल्यांच्या बँकेने जे केले, ते शिकल्या-सवरल्यांच्या बँकांना अशक्य होते काय? रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये लहान शहरांतील पिण्याचे पाणी व घरगुती शौचालये यांच्यासाठीच्या कर्जांना अग्रक्रम क्षेत्रात स्थान दिले. नियमाने दार किलकिले झाले आहे. आत जाण्याची इच्छा मात्र नियमाने येत नाही.

कोणी किती करावे

येथे एक शंका घेतली जाते आणि ती गंभीरपणे घेतली पाहिजे. गरिबांकडून वर्गणी घेणे म्हणजे सरकारने आपले कर्तव्य त्यांच्या गळ्यात बांधणे नव्हे काय? इमारतीत राहणाऱ्याला कोणी सांगत नाही की तुमच्या मलवाहिनीसाठी मंडळ स्थापन करा. मग हा भार सर्वांत दुबळ्यानेच का उचलावा?

या शंकेचे सर्वांत स्वच्छ उत्तर कराचीतून आले. १९१४ साली आग्र्यास जन्मलेले आणि आय.सी.एस.चा राजीनामा देऊन समाजकार्यात उतरलेले अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये कराचीच्या ओरंगी या विशाल वस्तीत गटारांचे काम सुरू केले. त्यांनी वीस ते चाळीस घरांची एक गल्ली हे एकक मानले. प्रत्येक गल्लीने आपला प्रमुख निवडला, पैसे जमविले आणि काम स्वतः करून घेतले. ठेकेदाराचा नफा व दलाली वगळली गेल्याने खर्च सरकारी दराच्या काही अंशांवर आला. परंतु खान यांनी रेषा स्पष्ट आखली. घरातील शौचालय, गल्लीतील गटार आणि तिला जोडणारी उपवाहिनी लोकांनी करावी. मुख्य नाला आणि शुद्धीकरण केंद्र सरकारनेच करावे. गल्ली कितीही कष्टाळू असली तरी शहराची मलवाहिनी तिच्या आवाक्यात नसते.

ही रेषा सर्वत्र लागू पडते. जे काम डोळ्यांसमोर आहे, ज्याच्या देखभालीत शेजाऱ्याचे सहकार्य लागते, तेथे वर्गणी कामाची गुणवत्ता वाढविते. जे काम जमिनीखाली मैलोन् मैल पसरलेले आहे, तेथे वर्गणी मागणे ही फसवणूक आहे. तेथे शहराने शहराच्या पतीवर पैसा उभारावा. तसे करता येते, हेही अहमदाबादनेच दाखविले. १९९८ मध्ये त्या महापालिकेने राज्य सरकारची हमी न घेता १०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले आणि ते प्रामुख्याने पाणी व मलनिस्सारणासाठी वापरले. चेन्नईजवळच्या अलंदूर नगरपालिकेने भुयारी गटारांसाठी घरटी ५००० रुपयांची अनामत जमविली, उरलेला खर्च कर्ज-अनुदानातून केला. जेथे नगरपालिकेची नियत स्वच्छ आणि हिशेब उघडा असतो, तेथे नागरिक पैसा देतो.

सरकारची दुसरी जबाबदारी भरवशाची. अहमदाबादेत दहा वर्षांच्या हमीने डबे उघडले, हे वर आलेच. मुंबईत मात्र दीर्घकाळ झोपडी कोणत्या सालापूर्वीची, यावर पाण्याचा थेंब मोजला जात असे. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून, २००० नंतरच्या झोपड्यांतील माणसांनाही पाणी मिळाले पाहिजे असा निर्णय दिला. तहान ही अतिक्रमण पाहून लागत नाही.

कोठे बिघडते

लोकसहभाग हा शब्द जपासारखा उच्चारणाऱ्यांनी त्याची दुसरी बाजूही पाहावी. मुंबईत अनेक ठिकाणी संस्था कागदावर राहिली. स्थानिक दादाने शौचालय चालविण्यास घेतले. सभासदांच्या पासापेक्षा रस्त्यावरून येणाऱ्या परक्या माणसाचे सुटे पैसे अधिक, म्हणून वस्तीकडे दुर्लक्ष झाले. वरची खोली भाड्याने गेली, हिशेबाची वही कोणी पाहिली नाही, वार्षिक सभा झालीच नाही. वर्गणी घेतली, पण पावतीचा अधिकार दिला नाही. अशा ठिकाणी समाजाच्या नावाने एका माणसाचा धंदा चालतो.

दुसरा बिघाड अधिक गंभीर आहे, कारण तो प्राण घेतो. मुंबईच्या अनेक शौचालयांखाली मलवाहिनी नाही, मलकुंड आहे. ते ठरावीक काळाने यंत्राने उपसले पाहिजे आणि त्याला पैसे लागतात. मासिक पासाच्या हिशेबात ते पैसे धरलेले नसतील, तर कुंड तुंबल्यावर कोणाला तरी थोडक्या रुपयांत आत उतरविले जाते. हा 'कोणी तरी' कोणत्या समाजातून येतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये या अमानुष कामाविरुद्ध कायदे झाले. तरी माणसे विषारी वायूने मरतात आणि त्यांचा मृत्यू बातमीच्या चार ओळींत संपतो. ज्या वर्गणीत उपशाच्या यंत्राचा खर्च धरलेला नाही, ती वर्गणी अपुरी तर आहेच, शिवाय ती दुसऱ्याच्या जिवावर स्वस्त ठेवलेली आहे. समरसतेची परीक्षा भाषणाच्या व्यासपीठावर होत नाही. ती या हिशेबाच्या वहीत होते. राखणदाराला वेळेवर पगार, हातमोजे, त्याच्या मुलांना शाळा आणि मलकुंडासाठी यंत्र, हे सारे खर्चाच्या बाजूला लिहिलेले आहे काय, एवढे पाहावे.

वही, बँक आणि नकाशा

मग सुस्थित समाजाने काय करावे? देणगी देऊन मोकळे व्हावे काय? देणगीचे मोल कमी नाही, परंतु येथे तिच्याहून उपयोगी वस्तू आपल्यापाशी आहेत. निवृत्त बँक अधिकारी वस्तीच्या मंडळाला हिशेब ठेवण्यास शिकवू शकतो. निवृत्त अभियंता गटाराचा उतार बरोबर आहे की नाही, हे दोरी लावून सांगू शकतो. वकील नोंदणीची घटना लिहून देऊ शकतो. यांतील कोणीही वस्तीचा पुढारी होऊ नये. कामाची पद्धत लावून द्यावी आणि बाजूला व्हावे. गाडगे महाराजांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी त्यांतील एक खोलीही ठेवली नाही. सेवकाचा आदर्श तोच.

सांगली, पुणे, कोल्हापूर येथे वास्तुविशारद प्रतिमा जोशी यांच्या 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने दाखविलेला मार्ग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यांनी आधी वस्त्यांचे घरनिहाय नकाशे बनविले. कोणत्या घरात शौचालय आहे, कोणत्या गल्लीपासून मलवाहिनी किती अंतरावर आहे, हे कागदावर आणले. मग 'एक घर, एक शौचालय' या उपक्रमात बांधकामाचे साहित्य संस्थेने दारात आणून दिले आणि गवंड्याची मजुरी व बांधकामाची जबाबदारी कुटुंबाने घेतली. रोख रक्कम हातात न देता विटा, सिमेंट, दरवाजा देण्यामागे साधा विचार होता: रोख पैसा आजारपणात किंवा लग्नात खर्च होतो, विटांची मात्र भिंतच होते. आणि मजुरी स्वतःच्या खिशातून दिलेली असल्याने भिंत सरळ आहे की नाही, हे घरची बाई स्वतः पाहते. नकाशा महापालिकेच्या हाती असल्याने 'येथे वाहिनी नाही' हे उत्तरही तेथून सहजी येत नाही.

तिरुचिरापल्लीतही 'ग्रामालय' संस्थेच्या मदतीने स्त्रियांच्या बचत गटांनी सामुदायिक शौचालये चालविली. अल्प शुल्क, रोजची नोंद आणि उरलेल्या रकमेतून वस्तीचीच कामे, अशी त्यांची पद्धत. वही, बँकेतील खाते आणि दर महिन्याची बैठक या तीन गोष्टी जेथे टिकल्या, तेथे शौचालय टिकले. जेथे या सुटल्या, तेथे संगमरवरी फरशीही वाचली नाही.

श्रोतेहो, २०२१ मध्ये स्वच्छ भारत अभियानाचा शहरी दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात सांडपाण्याच्या प्रक्रियेला आणि मलकुंडाच्या सुरक्षित सफाईला स्थान आहे. पैसा पूर्वीपेक्षा अधिक आहे आणि इच्छाशक्तीही दिसते. अशा वेळी वस्तीला केवळ लाभार्थ्यांच्या यादीत बसविण्याची घाई होण्याचा संभव असतो. लाभार्थी हात पसरतो. सभासद हात वर करून प्रश्न विचारतो. या दोन हातांमधील अंतर वीस रुपयांच्या पासाएवढे आहे, दोन हजारांच्या वाट्याएवढे आहे, कधी चार गवंड्यांच्या मजुरीएवढे आहे. ते अंतर कापण्यास वस्ती तयार आहे, हे अहमदाबादच्या भाजीवाल्यांनी आणि पुण्याच्या घमेली वाहणाऱ्या बायकांनी सिद्ध करून दाखविले. आता महापालिकेने मुख्य वाहिनी वेळेत आणावी, सहकारी बँकेने पुलापुरते कर्ज द्यावे आणि शेजारच्या सोसायटीतील सुशिक्षिताने आठवड्याचा एक रविवार हिशेबाच्या वहीला द्यावा. येत्या गणेशोत्सवात आपापल्या मंडळाची पावती फाडताना, शेजारच्या वस्तीत नळाची आणि शौचालयाची पावती कोण फाडते, तिचा हिशेब कोण वाचून दाखविते, एवढी चौकशी प्रत्येकाने जरूर करावी.